मिशनरी साहेबांचा रोजचा दिवस: मराठी मुलखातल्या अमेरिकन मिशनची पार्श्वभूमी

नगर-संभाजीनगर रस्त्यावर नेवासे तालुक्यात वडाळा बहिरोबा नावाचे गाव आहे. पंचक्रोशीत त्याला 'वडाळा मिशन' म्हणतात. १८५७ मध्ये सॅम्युएल बेकन फेअरबँक हे अमेरिकन मिशनरी इथे राहायला आले आणि त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे याच माळावर गेली. मिशन कंपाऊंड, मिशन शाळा, मिशनचा दवाखाना हे शब्द नगर, सोलापूर, सातारा भागातल्या बोलीत इतके मुरले आहेत की हे मिशन नेमके कोणाचे, ते इथवर कसे आले, हे आता कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर दोन टोकांचे मिळते. एक जण सांगतो, सेवेला वाहून घेतलेली देवमाणसे होती. दुसरा सांगतो, आपला धर्म बुडवायला आली होती. पण ही माणसे सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करत होती, हे दोघांच्याही उत्तरात नसते.

मला या साऱ्या इतिहासात तेच महत्त्वाचे वाटते. ज्याला ते स्वतः आपले खरे काम म्हणत, म्हणजे प्रवचन करणे आणि बाप्तिस्मा देणे, त्याची फळे कितीतरी वर्षे मोजकीच होती. त्या कामाची तयारी म्हणून जे रोज करावे लागले, भाषा शिकणे, खिळे ओतणे, मुलींना शाळेत आणणे, आजाऱ्याला औषध देणे, त्याने मात्र मराठी मुलूख पुष्कळ बदलला.

सुरुवात होते अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात. १८०६ च्या उन्हाळ्यात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेला जमले असताना वादळी पावसात सापडले. गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी आशियात जाऊन धर्मप्रसार करण्याचा विचार केला. त्या विचारातून १८१० मध्ये 'अमेरिकन बोर्ड' ही परदेशी मिशनांची संस्था उभी राहिली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावातल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली: अ‍ॅडोनिरम जडसन, सॅम्युएल न्यूवेल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राईस. त्याच महिन्यात दोन वेगवेगळ्या जहाजांनी ते कलकत्त्याकडे निघाले.

मुंबई त्यांच्या मनातही नव्हती. कलकत्त्याला उतरल्यावर कंपनी सरकारने त्यांना लगेच देश सोडायला सांगितले. १८०६ मधल्या वेल्लोरच्या शिपायांच्या उठावानंतर धर्माच्या बाबतीत कंपनी फार जपून वागत होती. त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले, म्हणजे हे पाहुणे आता शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. जडसन ब्रह्मदेशात गेले. न्यूवेल आणि त्यांची पत्नी हॅरिएट मॉरिशसच्या वाटेला लागले. जहाजावर जन्मलेले बाळ काही दिवसांतच गेले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही गेली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोचले. तिथेही त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचा हुकूम आला. मध्ये एकदा कोचीनमार्गे निसटण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण तिथून त्यांना परत मुंबईला आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने त्यांच्या बाजूचे होते, हॉल यांनी त्यांच्याकडे कळकळीचे अर्ज केले आणि त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद वाढवून देताना मिशनऱ्यांना हिंदुस्थानची दारे उघडी केली. तेव्हा कुठे मुंबईतला मुक्काम पक्का झाला. एकटे पडलेले न्यूवेल १८१४ मध्ये येऊन मिळाले. पुढे ज्याला 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणू लागले, त्याचा आरंभ असा अडखळत झाला.

राहायची परवानगी मिळाली, आता बोलायचे कसे? सेरामपूरच्या विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ चे आणि कोश १८१० चा, तोही मोडी अक्षरांत छापलेला. मोल्सवर्थ यांचा मोठा कोश यायला १८३१ साल उजाडायचे होते. त्यामुळे नव्या मिशनऱ्याचा दिवस पंडितापासून सुरू होई. सकाळी पंडित घरी येई. त्याच्यासमोर बसून वाचायचे, चुकायचे, पुन्हा वाचायचे. मराठीत 'ळ' आणि 'ल', 'च' चे दोन उच्चार, मान देण्याचे अनेकवचन, हे सगळे बोस्टनकडच्या जिभेवर चढवायचे. दुपारी भाषांतर किंवा शाळांची देखरेख, आणि ऊन उतरले की बाहेर पडून देवळाजवळ, विहिरीवर, बाजारात, जिथे चार माणसे उभी असतील तिथे बोलायला सुरुवात करायची. लोक ऐकत, प्रश्न विचारत, कधी हसत, कधी वाद घालत आणि आपापल्या कामाला जात. पहिला बाप्तिस्मा झाला तो १८१९ मध्ये, कादर यार खान नावाच्या हैदराबादकडच्या मुसलमान गृहस्थाचा. म्हणजे सहा वर्षांच्या पायपिटीनंतर एक.

या पंडितांबद्दल थोडे थांबून लिहायला हवे. भाषांतरातला शब्द आणि शब्द त्यांच्या हाताखालून गेला. 'तारण', 'पश्चात्ताप', 'कृपा' असे शब्द ख्रिस्ती मराठीत ज्या अर्थाने स्थिरावले, त्यामागे मिशनऱ्याइतकाच समोर बसलेल्या मराठी माणसाचा कान होता. मिशनच्या अहवालांत त्यांचा उल्लेख बहुतेक वेळा नुसता 'पंडित' एवढाच येतो, पुष्कळांची नावेही राहिलेली नाहीत. मराठी गद्याच्या जडणघडणीचा इतिहास लिहिताना ही उणीव मला फार बोचते.

शाळांची गोष्टही अशीच. मिशनने मुंबईत आणि कोकणपट्टीत मराठी शाळा काढल्या, त्यात शिकवणारे पंतोजी बहुधा हिंदू होते. बेने इस्रायल या ज्यू समाजातली मुले या शाळांत आली आणि त्यांच्यातले काही जण पुढे मिशनच्या शाळांत शिक्षकही झाले. तेलाच्या घाण्यावर पोट भरणाऱ्या, शनिवार पाळणाऱ्या या 'शनवार तेली' लोकांना मिशनऱ्यांनी आपल्या बायबलातल्या जुन्या कराराचे वारस म्हणून आपुलकीने जवळ केले. त्यांनी शिक्षण घेतले, धर्म मात्र बहुतेकांनी आपलाच ठेवला.

१८१६ मध्ये होरेशियो बार्डवेल हे छपाई जाणणारे मिशनरी मुंबईत आले आणि कलकत्त्याकडून आणलेल्या साधनांवर मिशनचा छापखाना सुरू झाला. १८१७ पासून मराठी पुस्तिका निघू लागल्या, १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार छापून झाला. हे काम काय होते ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. इंग्रजीचे खिळे एकामागून एक ओळीत लावले की शब्द तयार. देवनागरीत मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खालच्या मजल्यावर उकार आणि ऋकार. जुळाऱ्याला एका छापील ओळीसाठी तीन ओळी बसवाव्या लागत. त्यात जोडाक्षरांचे खिळे निराळे, त्यामुळे पेटीतली घरे शेकड्यांनी. वरची मात्रा केसभर सरकली की पानभर अक्षरे तुटकी दिसत. आणलेले टाईप मोठे, ओबडधोबड होते आणि कागद खात होते. म्हणून छापखान्यातच ठसे कोरून खिळे ओतायची खटपट सुरू झाली. थॉमस ग्रॅहम या कारागिराने त्यात इतके प्रावीण्य मिळवले की मराठी अक्षराला सुबकपणा आणणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते.

खरा परिणाम मिशनच्या भिंतीबाहेर झाला. गणपत कृष्णाजी यांनी मिशनचा छापखाना पाहिला, स्वतःचा छापखाना उभा केला आणि १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग काढले. ज्या यंत्रावर ख्रिस्ती पुस्तिका निघत, ते यंत्र पाहून शिकलेल्या माणसाने घराघरात तिथी-नक्षत्रे पोचवली. पुढे जावजी दादाजी हा मुलगा अगदी लहान वयात याच मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागला. त्याने नंतर काढलेल्या 'निर्णयसागर' छापखान्याचे संस्कृत ग्रंथ साऱ्या देशात शुद्ध छपाईचा नमुना मानले गेले. सेलमच्या दीक्षासमारंभात असे काही होईल हे कोणाच्या स्वप्नातही नसणार.

या सगळ्यावर सावट असे ते आजारपणाचे. नॉट प्रकृती ढासळल्यामुळे १८१५ मध्येच परत गेले. न्यूवेल ३० मे १८२१ रोजी मुंबईत पटकीने गेले. मार्च १८२६ मध्ये गॉर्डन हॉल दोन ख्रिस्ती मुलांना सोबत घेऊन घाट चढून नाशिककडे गेले. पत्नी मार्गारेट मुलांच्या प्रकृतीसाठी आदल्या वर्षीच अमेरिकेला गेली होती. नाशिकात पटकीची साथ जोरात होती. जवळचे औषध आणि पुस्तिका वाटत त्यांनी काही दिवस तिथे काढले आणि औषध संपत आले तसे ते परतीला निघाले. वाटेत दोर्ली-दापूर गावी एका देवळाच्या ओसरीत त्यांनी मुक्काम केला. शेजारीच पटकीचे रुग्ण पडले होते. २० मार्चच्या पहाटे चारच्या सुमारास, पुढच्या वाटेला लागायच्या वेळी, त्यांना झटका आला. उरलेला औषधाचा घोट पोटात टिकला नाही. आठ तासांत खेळ आटोपला. सोबतच्या मुलांनी कशीबशी जागा मिळवून घोंगडीत गुंडाळून त्यांना पुरले. तेरा वर्षे मराठी मुलखात काढलेला, मराठी सफाईने बोलणारा हा माणूस गेला तेव्हा नवा करार छापून पुरा होत होता. ही बातमी मार्गारेटपर्यंत समुद्रावरून पोचायला पुढे कित्येक महिने लागले असतील.

टपाल हा या लोकांच्या आयुष्यातला मोठा भाग होता, त्याचा विचार आपण आज सहज करू शकत नाही. आफ्रिकेला वळसा घालून जाणारे जहाज बोस्टनहून मुंबईला चार महिने, कधी त्याहून जास्त घेई. एखादा सल्ला विचारला तर उत्तर यायला वर्ष. घरी आई वारल्याचे कळे तेव्हा तिचे वर्षश्राद्ध जवळ आलेले असे. पैसाही त्याच वाटेने येई. न्यू इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चमधून, बायकांच्या मंडळांतून, मुलांच्या खाऊच्या पैशांतून जमलेली वर्गणी बोर्डाकडे जाई आणि त्याचा हिशेब म्हणून मिशनऱ्यांची पत्रे 'मिशनरी हेरल्ड' मासिकात छापली जात. त्यामुळे या पत्रांत वर्गणीदाराचे मन उचंबळेल असे लिहिण्याचा कल असतो. हिंदू समाजाचे चित्र अनेकदा गरजेपेक्षा काळे रंगवलेले दिसते. ती पत्रे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

बायकांचे काम या कागदांत सर्वांत कमी दिसते. मिशनऱ्याची पत्नी बोर्डाच्या यादीत 'सहायक मिशनरी' म्हणून असे. घर, आजारी मुले, येणारे-जाणारे आणि वर मुलींची शाळा, हे सगळे तिच्याकडे. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली, पण मुली टिकत नव्हत्या. लग्न ठरले की शाळा बंद. हे काम एकहाती कोणीतरी धरायला हवे म्हणून बोर्डाने १८२७ मध्ये न्यू हॅम्पशरच्या मार्लबरो गावच्या सिंथिया फरार यांना पाठवले. वय बत्तीस, अविवाहित. एकट्या बाईला समुद्रापार पाठवण्याची ती अगदी सुरुवातीची उदाहरणे. वर्षाअखेरीस त्या मुंबईत उतरल्या. १८३७ मध्ये प्रकृतीमुळे त्यांना परत जावे लागले, दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या, या वेळी नगरला, आणि १८६२ च्या जानेवारीत नगरलाच त्यांनी देह ठेवला.

फरारबाईंचा दिवस शाळेत जाण्याआधीच सुरू होत असला पाहिजे, कारण त्या काळी मुलींची शाळा चालवणे म्हणजे शिकवण्याआधी घरोघर समजावणे. मुलगी का आली नाही, आजीने का अडवले, नवऱ्याचे घर कुठले, याचा पाठपुरावा रोजचा. १८४८ च्या सुमारास जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे नगरला गेले असताना त्यांनी फरारबाईंच्या या शाळा पाहिल्या. मुलींना पद्धतशीर शिकवले जाते आहे हे पाहून त्यांना समाधान वाटले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यातली शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंच्या हाताखाली अध्यापनाचे धडे घेतले असे परंपरेने सांगतात. फुल्यांची प्रेरणा फक्त इथली होती असे कोणी म्हणू नये. ती त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आणि विचारातून आली. पण चालू असलेली शाळा डोळ्यांनी पाहणे ही गोष्ट वेगळी असते. नगरच्या एका वर्गात एक बाई वर्षानुवर्षे हजेरी घेत राहिली म्हणून ती पाहायला मिळाली.

मिशनचे नगरचे ठाणे स्थापन झाले डिसेंबर १८३१ मध्ये. अ‍ॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी हे तिघे बाबाजी रघुनाथ या ब्राह्मण ख्रिस्ती सहकाऱ्यासह तिथे गेले. सहा महिने होण्याआधीच हर्वी पटकीने गेले, १८३३ मध्ये बाबाजीही त्याच रोगाने. तरी ठाणे टिकले, आणि १८३५ मध्ये आलेल्या हेन्री बॅलंटाईन यांच्या काळात ते मुळे धरू लागले. जून १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे मिशनचे नियतकालिक निघाले. धर्मोपदेशाबरोबर भूगोल, खगोल, देशोदेशीच्या बातम्या आणि हिंदू पुढाऱ्यांशी खडाजंगी, असे त्याचे स्वरूप होते. बॅलंटाईन यांनी मराठीत गीतेही लिहिली, ती आजही उपासनेत गायली जातात.

नगरकडच्या कामाला ऋतूंचे वेळापत्रक होते. पावसाळ्यात ठाण्यात राहून वर्ग, भाषांतर, पत्रे. दिवाळीनंतर थंडी पडली की डेरा बैलगाडीवर घालून बाहेर. आंबराईत किंवा ओढ्याकाठी तंबू ठोकायचा, पहाटे एका गावी, संध्याकाळी दुसऱ्या गावी जायचे. पाटलाने चावडीवर बसू दिले तर ठीक, नाहीतर वेशीबाहेर. इथेच एक फरक पडत गेला. सुरुवातीला मिशनऱ्यांची सारी धडपड ब्राह्मणांना पटवण्याची होती. हरी आणि नारायण रामचंद्र खिस्ती हे बंधू किंवा रामकृष्ण विनायक मोडक यांच्यासारखे काही जण आलेही, आणि त्यांनी घरादाराला पारखे होण्याची जबर किंमत मोजली. पण खेड्यात गेल्यावर तंबूशी येऊन बसणारे बहुतेक लोक महार आणि मांग समाजाचे होते. त्यांना शाळा हवी होती. महारवाड्यात शाळा निघाली, तिथे पगारी शिक्षक राहू लागला, आणि मिशनऱ्याच्या डायरीतल्या कामांत नवी कामे शिरली: पाणवठ्यावरची अडवणूक, वेठबिगार, सावकाराचे कागद, कचेरीतले अर्ज. गावगाड्यातल्या या भांडणांत आपण पडायचे की नाही, यावर त्यांच्यात मतभेद असत. पण दारात आलेला माणूस तेच गाऱ्हाणे घेऊन येई.

१८५४ च्या अखेरीस बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः पाहणीला आले. त्यांचे मत स्पष्ट होते: इंग्रजी शाळा, छापखाना हा पसारा आवरा, खेड्यात जा, ख्रिस्ती लोकांच्या छोट्या मंडळ्या उभ्या करा, त्यांना एतद्देशीय पाळक, म्हणजे धर्मगुरू, द्या. नगरची इंग्रजी शाळा बंद झाली, मुंबईचा छापखानाही पुढे मिशनच्या हातून गेला. स्वावलंबी स्थानिक मंडळ्यांचा अँडरसन यांचा आग्रह दूरदृष्टीचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण शाळा आणि छापखाना यांना त्यांनी दुय्यम ठरवले, ते मला पटत नाही. नगरच्या तरुण ख्रिस्ती पिढीला इंग्रजी शिक्षणाची दारे काही काळ बंद झाली, त्याचा तोटा त्यांनाच सोसावा लागला.

राहणीचा प्रश्न तर कायमच होता. बंगला, पंखा, स्वयंपाकी, धोबी, माळी, आया, हा बेत न्यू इंग्लंडच्या साध्या शेतकरी घरातून आलेल्या माणसाला इथे साहेब बनवून टाकी. उन्हाळा आणि रोगराई पाहता थोडी सोय लागणारच, पण स्थानिक उपदेशकाचा पगार आणि मिशनऱ्याचा पगार यांतले अंतर सर्वांना दिसत होते. जॉर्ज बोवेन यांनी हे अंतर स्वतःपुरते मोडून टाकले. जानेवारी १८४८ मध्ये ते मुंबईत आले, वर्षभरातच त्यांनी बोर्डाचा पगार सोडला आणि देशी वस्तीत एका साध्या खोलीत राहायला गेले. दिवसातला थोडा वेळ शिकवणी करून पोटापुरते मिळवायचे, उरलेला वेळ रस्त्यावर बोलण्यात आणि 'बॉम्बे गार्डियन' पत्र लिहिण्यात. १८८८ मध्ये मुंबईतच वारले. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी यांच्याशी मिशनऱ्यांचे जे जाहीर वाद झाले, त्यांत बोवेन होते आणि त्यांचा वृत्तांतही त्यांनी छापला. वेदोक्त धर्माची बाजू मांडणाऱ्या बावांना ऐकायला गर्दी लोटे. देशात शिपायांचा उठाव धुमसत होता आणि इथे वाळूत बसून दोन माणसे ईश्वर, पाप आणि मोक्ष यांवर तोंडाला तोंड देत होती. मात्र बोवेन यांच्या राहणीचे कौतुक सर्वांनी केले, अनुकरण फार थोड्यांनी. मुले-बाळे असलेल्यांना ते जमण्यासारखेही नव्हते.

मुलांचा विषय निघाला की या कुटुंबांचे सर्वांत मोठे दुःख समोर येते. मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याला अमेरिकेला पाठवायचे, नातेवाइकांकडे किंवा मिशनऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहात, आणि मग कित्येक वर्षे भेट नाही. ज्यांची मुले इथेच गेली, त्यांच्या छोट्या कबरी नगरच्या आणि मुंबईच्या दफनभूमीत. रॉबर्ट विल्सन ह्यूम यांनी मुंबईत 'ज्ञानोदय' सांभाळले. ते आजारी पडून १८५४ मध्ये घरी परतताना वाटेत समुद्रावरच वारले आणि पत्नी हॅना मुलांना घेऊन पुढे गेली. त्यांतला भायखळ्यात १८४७ मध्ये जन्मलेला रॉबर्ट अ‍ॅलन येल विद्यापीठात शिकला आणि १८७४ मध्ये उलटा नगरला आला. १८७८ मध्ये त्यांनी नगरला पाळकांचे शिक्षण देणारे विद्यालय सुरू केले. बॅलंटाईन यांची मुलगी मेरी फेअरबँक यांची पत्नी झाली. या दुसऱ्या पिढीला मराठी पंडिताकडून शिकावी लागली नाही. आयेच्या कडेवर ती आली होती.

फेअरबँक आधी मुंबईत छापखाना पाहत होते. वडाळ्याला आल्यावर त्यांनी शेतीत लक्ष घातले, लोखंडी नांगर आणून दाखवला, आणि गावोगाव फिरताना पक्षी आणि गोगलगायी गोळा केल्या. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर भागातल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात आली. दक्षिणेतल्या पळणी डोंगरात त्यांनी मिळवलेल्या एका पक्ष्यावरून निसर्गशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी नवी जात नोंदवली, आणि मुंबईच्या किनाऱ्यावरच्या इवल्याशा गोगलगायीच्या प्रजातीला 'फेअरबँकिया' नाव दिले. याच काळात नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग सगळे मराठी, आख्यान मात्र येशूचे. ज्या खेड्यात उभ्याने दिलेले प्रवचन पाच मिनिटे टिकत नसे, तिथे लोक रात्र रात्र बसू लागले. फेअरबँक यांना ते मनापासून आवडे, आणि त्यांनी ते पुढे चालवले.

मग दुष्काळ आले, १८७६-७८ चा, १८९६-९७ चा आणि पाठोपाठ छपन्नचा (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००). या वर्षांत धर्मोपदेश बाजूला राहून मिशनऱ्याचा दिवस धान्य, कपडे, अनाथ मुले आणि वर्गणीच्या हिशेबात गेला. धर्मांतरांचे आकडे याच काळात वाढले, आणि पोटासाठी धर्म बदलला असा आरोपही याच काळातला. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही, पण मुले जगली हेही तितकेच खरे. जगलेल्या शेकडो मुलांना हाताला काम हवे म्हणून सुतारकी, गालिचे विणणे, धातुकाम यांच्या शाळा निघाल्या. १९०१ मध्ये आलेले अभियंता डेव्हिड चर्चिल यांनी नगरच्या विणकरांसाठी सुधारित हातमाग तयार केला. दक्षिणेकडे, प्रेस्बिटेरियन मिशनचे कॅनेडियन डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेला रुग्णालय उघडले आणि पुढची चौतीस वर्षे शस्त्रक्रियेत आणि डॉक्टर-परिचारिका घडवण्यात घालवली. मिरज वैद्यकीय गाव म्हणून ओळखले जाते त्याची सुरुवात तिथे आहे, आणि वानलेसवाडी हे नावही त्यांचेच.

एकोणिसावे शतक संपताना सूत्रे हळूहळू मराठी हातांत येऊ लागली. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, नगरला मिशनमध्ये काम केले, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादन केले आणि अभंगांत ख्रिस्त आणला. मिशनच्या पगारावर चाललेली सेवा लोकांना परकी वाटते हे ते उघड म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी पगार सोडून 'देवाचा दरबार' हा भक्तसमूह सुरू केला. बोवेन यांना सत्तर वर्षांपूर्वी जे जाणवले होते, तेच टिळक मराठी माणूस म्हणून अधिक जोराने सांगत होते. टिळक १९१९ मध्ये गेले.

आणि एक जण उलट्या वाटेने गेला. जस्टिन अ‍ॅबट यांचे वडील आमोस अ‍ॅबट नगरकडे मिशनरी होते; स्वतः जस्टिन यांनीही मुंबईत वर्षानुवर्षे मिशनचे काम केले आणि १९१० मध्ये निवृत्त होऊन न्यू जर्सीतल्या समिट गावी जाऊन राहिले. आयुष्यभर ज्या संतांच्या वचनांना उत्तर देण्यासाठी त्यांच्या पिढीने मराठी शिकली, त्या संतांच्या भाषांतरात त्यांनी उरलेली वर्षे घातली. पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रे आणि कवने, बरीचशी संतचरित्रकार महिपतींच्या आधाराने, १९२६ पासून एकामागून एक इंग्रजीत येत गेली आणि पुण्यात छापली गेली. अ‍ॅबट १९३२ मध्ये वारले तेव्हा महिपतींच्या भक्तविजयाचे काम हातात होते. ते गोडबोले यांनी पुढच्या दोन वर्षांत पुरे करून प्रसिद्ध केले, आणि इथे पंडिताचे नाव मुखपृष्ठावर आले.